ओले लाकूड आणि वैनगंगाकाठचे ऊन
(प्रस्तावना)

कारधा हे गाव वर्षातून एकदा वर्तमानपत्रांत हमखास येते, आणि तेही स्वतःच्या कर्तृत्वाने नव्हे, तर वैनगंगेच्या. भंडारा शहराच्या पैलतीरावर, नागपूरहून रायपूरकडे जाणारा महामार्ग नदी ओलांडतो तेथे वसलेल्या या गावी नदीच्या पाण्याची पातळी मोजली जाते, आणि श्रावण-भाद्रपदात नदी फुगू लागली की ‘कारध्याची पातळी’ हा सबंध जिल्ह्याच्या चिंतेचा विषय होतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या अंगाच्या संजय सरोवराचे पाणी आले तेव्हा तर साऱ्या विदर्भाने या गावाचे नाव घेतले. नदीतले पाणी मोजण्याची तजवीज सरकारने अशी उत्तम केली आहे. हवेतले पाणी मोजण्याचे काम मात्र येथील दारे-खिडक्याच इमानाने करीत असतात. भाद्रपदात जे दार खांद्याने रेटल्याशिवाय लागत नाही, तेच वैशाखात चौकटीत सैल खेळू लागते आणि त्याच्या दोन फळ्यांमधून अंगणातले ऊन दिसते. सुताराने काम वाईट केले असे म्हणून घरमालक मोकळा होतो. क्वचित ते खरेही असते. पण पुष्कळदा दोष कामाचा नसून कामाच्या आधीच्या वर्षाचा असतो, म्हणजे ते लाकूड ज्या काळात निवांत पडून राहावयास हवे होते आणि राहिले नाही, त्या काळाचा असतो.

हा आधीचा काळ हाच पुढील पानांचा विषय आहे. आपल्याच धुऱ्यावरचा साग, परसातला आंबा किंवा वादळात कोसळलेला कडुनिंब आरामशीनवर चिरून आणल्यावर त्या ओल्या फळ्या घरच्या घरी कशा सुकवाव्यात, म्हणजे त्यांतून पुढे पेटी, पाट, दिवाण किंवा कपाट घडविता येईल, एवढीच या लेखनाची व्याप्ती आहे. या विषयावर जगात ग्रंथ उदंड आहेत, परंतु त्यांतील बहुतेक अशा मुलखांत लिहिले गेले की जेथे ऊन ही दुर्मीळ वस्तू आहे. त्यामुळे लाकडातले पाणी लवकर कसे जाईल ही त्यांची मुख्य चिंता असते. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष हा त्यांचा प्रसिद्ध दंडकही त्याच थंड, दमट हवेतून आलेला आहे. आमची चिंता नेमकी उलट आहे. भंडाऱ्याच्या चैत्र-वैशाखात, पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळत असताना आणि दुपारची हवा भट्टीसारखी कोरडी असताना, लाकडातले पाणी जाण्याची काळजी कोणी करावयास नको. ते जाताना लाकूड फाडून जाऊ नये, याची काळजी करावयाची आहे. मला जे सांगावयाचे आहे ते इतकेच, की या मुलखात लाकूड सुकविणे ही उन्हाला आवरण्याची विद्या आहे.

ही गोष्ट नीट उमगण्यासाठी लाकडातल्या पाण्याची जात थोडी पाहिली पाहिजे. नुकत्याच पाडलेल्या झाडात पाणी दोन ठिकाणी असते: एक पेशींच्या पोकळ्यांत मोकळे, आणि दुसरे पेशींच्या भिंतींत मुरलेले. मोकळे पाणी आधी जाते, आणि ते जाईतो लाकडाचे वजन झपाट्याने घटले तरी आकारात काडीचाही फरक पडत नाही. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या मानाने पाणी २५ ते ३० टक्क्यांवर आले की पोकळ्या रित्या झालेल्या असतात. या अवस्थेला शास्त्रात तंतुसंपृक्ती म्हणतात, आणि खरी कटकट तेथून पुढे सुरू होते, कारण आता भिंतींतले पाणी जाऊ लागते व लाकूड आक्रसू लागते. तेही सर्व दिशांनी सारखे आक्रसत नाही. लांबीत त्याचा फरक नगण्य, गाभ्याकडून सालीकडे थोडा, आणि वर्तुळाकार वलयांच्या दिशेने त्याच्या सुमारे दुप्पट. सागासारखे गुणी लाकूडदेखील ओल्यापासून पूर्ण कोरडे होईतो वलयांच्या दिशेने ५ ते ६ टक्के आखडते. फळ्यांना बाक का येतो, चौकोनी खांब शंकरपाळ्यासारखा तिरका का होतो आणि गाभा पोटात ठेवून कापलेली फळी मधोमध का उलते, या सर्वांचे उत्तर या एका विषमतेत आहे.

यावर घाईची भर पडली की अनर्थ होतो. वैशाखाच्या झळा ओल्या फळीला लागल्या म्हणजे तिचा पृष्ठभाग तासाभरात कोरडा होऊन आक्रसू पाहतो, पण आतला गर अजून फुगलेलाच असल्याने त्याला आक्रसता येत नाही. मग पृष्ठभाग ताणला जातो, आणि ताण सोसवेना झाला की फाटतो. जेथे तो फाटत नाही तेथे याहून कपटी प्रकार घडतो: ताणलेले कवच तसेच घट्ट होऊन बसते, काही महिन्यांनी आतला भाग सुकून आखडू लागतो तेव्हा त्याला हे कवच आखडू देत नाही, आणि भेगा पोटात पडतात. गोवऱ्यांच्या धगीत घाईने भाजलेल्या रोडग्याची जी गत तीच या फळीची. वरून पाहणाराला काही कळत नाही, करवत फिरली म्हणजे सारे उघडे पडते.

पूर्वीच्या लोकांना ही परिभाषा ठाऊक नव्हती, परंतु त्यांना लाकूड सुकविण्याची स्वतंत्र खटपटही करावी लागत नसे, आणि याचे कारण मला त्यांच्या हस्तकौशल्यात कमी आणि तत्कालीन जमीन-बंदोबस्तात अधिक दिसते. मध्यप्रांताच्या अमदानीत भंडारा हा मालगुजारी जिल्हा होता. गावचे रान, तलाव, पडीत ही मालगुजाराची. पण रयतेला नांगर, वखर, गाडी आणि घर यांपुरते लाकूड त्या रानातून आणण्याचा ‘निस्तार’ असे, आणि वाजिब-उल-अर्ज नावाच्या गावदप्तरात हे दस्तूर नोंदलेले असत. हे लाकूड विकण्यासाठी नव्हे, वापरण्यासाठी मिळे. म्हणून त्याला बाजाराची घाई नव्हती. धान कापून मळणी उरकली की कुणबी तिवसाचे किंवा धावड्याचे लाकूड तोडून आणी, बाभळीचा एखादा बुंधा कोठ्यात टाकून ठेवी, आणि जुना नांगर मोडेपर्यंत, म्हणजे कधी दोन तर कधी चार वर्षे, ते तेथेच छपराखाली गुरांच्या सान्निध्यात पडून राही. ना ऊन, ना पाऊस, ना थेट वारा. लाकडासाठी याहून उत्तम विश्रांतिगृह शोधून सापडणार नाही. आमचे आजोबा लाकूड सुकवीत नसत. ते विसरत असत, आणि लाकूड त्यांच्या विस्मरणात सुकत असे.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ३१ मार्च १९५१ पासून तिची राने व तलाव सरकारजमा झाले. पुढे १९५६ साली जिल्हा मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. निस्ताराची जागा हळूहळू आगाराच्या लिलावाने घेतली. मालगुजारी जाणे न्याय्यच होते, त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण लाकूड विकत घेण्याची वस्तू झाली तेव्हाच तिचा विसावा संपला, हेही नमूद केले पाहिजे. विकत घेतलेल्या वस्तूचा मोबदला माणसाला लगेच हवा असतो. आज आलापल्लीच्या सागाची कीर्ती देशभर आहे, बल्लारपूरच्या आगारातले सागवान २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी वाजतगाजत गेले. परंतु गावातला मनुष्य जेव्हा आपल्या मुलीच्या लग्नासाठी दिवाण करावयास सांगतो, तेव्हा मंगळवारी चिरलेले लाकूड शनिवारी रंध्याखाली असते. मग ज्येष्ठात सासरी गेलेला तो दिवाण दिवाळीनंतर करकरू लागतो.

ज्याच्याजवळ स्वतःचे झाड आहे त्याला मात्र ती जुनी सबुरी अद्यापि परवडते, आणि ही प्रस्तावना मुख्यत्वे त्याच्यासाठी आहे. त्याने प्रथम पंचांग पाहावे. मुहूर्तासाठी नव्हे, महिन्यासाठी. लाकूड तोडण्याचे काळ-वेळ पाहण्याची आपल्याकडील परंपरा जुनी आहे; वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी वृक्ष निवडण्याचा वनसंप्रवेश नावाचा एक अध्यायच आहे, आणि बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा म्हणजे त्याला घुण लागत नाही, असे आमच्याकडे अजून मानतात. या शेवटच्या समजुतीशी मी वाद घालीत नाही. अमावास्येला तोडल्याने नुकसान तर काही नाही. परंतु चंद्रापेक्षा महिना फार महत्त्वाचा आहे. झाड कार्तिक-मार्गशीर्षात पाडावे आणि लांबवू नये, लगेच चिरून घ्यावे. याचे कारण असे, की त्यापुढचे तीन महिने या मुलखातली हवा कोरडी असूनही सौम्य असते. मोकळे पाणी या थंडीत निमूटपणे निघून जाते, आणि होळीनंतर उन्हाचा खरा अंमल सुरू होईल तेव्हा फळी निदान अर्ध्या वाटेवर पोचलेली असते. फाल्गुनात चिरलेल्या ओल्या फळीला ही सवलत मिळत नाही. उलट ज्येष्ठाच्या वादळात पडलेल्या आंब्याचे संकट निराळे: त्याला ऊन नव्हे, बुरशी गाठते, आणि पंधरा दिवसांत पांढरे लाकूड निळसर-काळे पडते. अशा लाकडाच्या फळ्या ताबडतोब पाडून, बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात भिजवून, भरपूर वारा खेळेल अशा छपराखाली विरळ रचाव्यात. ओल्या लाकडात हे क्षार आपोआप आत झिरपतात, आणि पांढऱ्या लाकडातील पिष्टावर ताव मारणाऱ्या भुंगेऱ्यांचाही त्यामुळे बंदोबस्त होतो.

आता रचना. ती वाचून सोपी वाटते आणि करताना बहुतेकजण तिची हेळसांड करतात, म्हणून येथे थोडे थांबतो. जागा सपरीची किंवा कोठ्याची असावी. पश्चिमेचे ऊन तेथे पोचता कामा नये. जमिनीपासून हातभर उंच असे विटांचे किंवा दगडांचे ओटे मांडून त्यांवर जाड आडवे वासे ठेवावेत, आणि ते सुतळी ताणून एका पातळीत आणावेत. कारण तळाच्या वाशात बोटभर वाकडेपणा राहिला तर तो सबंध गंजीतल्या प्रत्येक फळीत जसाच्या तसा उतरतो आणि सुकल्यावर जन्मभर राहतो. फळ्यांच्या दोन थरांमध्ये वाळलेल्या लाकडाच्या २५ मिलिमीटर चौरस पट्ट्या घालाव्यात, सव्वा-दीड फुटाच्या अंतराने, आणि प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर माथ्यावर यावी. ती चार बोटे इकडेतिकडे सरकली की वरचा भार फळीला अधांतरी मिळतो आणि तेथे पोक येते. पट्ट्या ओल्या लाकडाच्या किंवा सालीसकट घेऊ नयेत. त्यांचे डाग फळीवर उमटतात, आणि रंध्याने दोन सूत खाली गेल्यावरही ते पुष्कळदा निघत नाहीत. शेवटची पट्टी फळीच्या अगदी टोकाशी हवी. सर्वांत वर निरुपयोगी फळ्यांचा एक थर देऊन त्यावर चांगले वजनदार दगड रचावेत. ही काटकसर करण्याची जागा नव्हे.

याहीआधी, आरामशीनवरून फळी उतरताच, तिची दोन्ही टोके बंद केली पाहिजेत. झाडाच्या नलिका उभ्या असल्यामुळे पाणी टोकांतून कितीतरी पट वेगाने निसटते आणि चिरा नेहमी तेथूनच शिरतात. वितळलेले मेण, डांबर, उरलासुरला तैलरंग यांपैकी काहीही चालते. काही नसेल तर शेण-मातीचा दाट लेपही रिकाम्या टोकापेक्षा शतपटीने बरा. पण तो लेप चिरल्याच्या दिवशीच लागला पाहिजे. दुसऱ्या आठवड्यात, बारीक चिरा दिसू लागल्यावर लावलेला लेप हा केवळ मनाच्या समाधानासाठी असतो.

चैत्र लागला की गंजीची वाऱ्याकडील बाजू गोणपाटाने किंवा तट्ट्याने झाकावी. येथे नवशिक्याचे मन बंड करते. सुकवावयाचे लाकूड आणि त्याला वाऱ्यापासून लपवावयाचे, हा विरोधाभास त्याला पटत नाही. पण दुपारी उष्ण वारा सुटला असता गंजीच्या पोटात हात घालून पाहावा: बाहेरच्या फळीची कड तापलेली आणि आतली अजून गार लागते. गालाला लावून ओल ओळखण्याची जुन्या सुतारांची रीत हीच; ओले लाकूड गार लागते. मृगानंतर आडोसा काढावा. पावसाळ्यात छपराखालचे लाकूड फारसे सुकत नाही, थोडी ओल परत घेतेही, आणि त्यामुळे चार महिने वाया गेले असे वाटते. वस्तुतः उन्हाळ्यात बसलेले ताण या ओलसर हवेत बऱ्याच अंशी सैल होतात. इंचभर जाडीची सागाची फळी कार्तिकात घातली तर पुढच्या कार्तिकात कामाला येते. दोन इंचांची ऐन किंवा बिजा यांची फळी मात्र दुसरा उन्हाळा पाहिल्याशिवाय हाती घेऊ नये; ऐन फार हट्टी आहे.

लाकूड वाळले हे कळावे कसे? ओलावामापक यंत्रे आता मिळतात. पण एक तराजू आणि स्वयंपाकघरातली भट्टी असली तरी निभते. फळीच्या टोकापासून वीतभर आत सोडून एक पातळ तुकडा कापावा, लगेच तोलावा, आणि शंभराहून थोड्या अधिक अंश उष्णतेत वजन घटणे थांबेपर्यंत तापवावा. समजा ११२ ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर स्थिरावला, तर ओल १२ टक्के. कारण भागाकार कोरड्या वजनाने करावयाचा असतो, ओल्याने नव्हे. या हिशेबाने हलक्या सावरीच्या ओल्या लाकडात ओल शंभर टक्क्यांहूनही अधिक भरते, याचे आश्चर्य वाटू नये.

मात्र १२ टक्के हा काही कायमचा मुक्काम नव्हे. लाकूड हवेशी सतत तडजोड करीत असते. वैनगंगेकाठी उघड्यावरच्या लाकडाला वैशाखात ५-६ टक्क्यांकडे ओढ असते आणि श्रावणात १६-१७ कडे. घरातले लाकूड इतके टोक गाठत नाही, तरी ८ टक्क्यांचा फरक धरला तर सागाची आडवी चिरलेली वीतभर रुंद फळी, म्हणजे २० सेंटिमीटरची, वर्षातून सुमारे ३ मिलिमीटर श्वास आत-बाहेर करते. म्हणून दाराचे दिल्हे चौकटीच्या खाचेत सैल बसवितात, डिंकाने जखडत नाहीत. जुन्या घराचे शंभर वर्षांचे सागवान घेतले तरी यातून सुटका नाही. ते कमी भांडते, एवढेच.

तान्ह्या पोळ्याच्या नंदीवर हे सारे शास्त्र दरवर्षी रस्त्यात पाहावयास मिळते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, भंडारा-नागपूरकडची पोरे चाकांचे लाकडी बैल सजवून ओढीत नेतात; ही प्रथा नागपूरकर भोसल्यांच्या वेळची असल्याचे सांगतात. हा सण ऐन पावसाळ्यात येतो, नंदी घाईने आणि अनेकदा ओल्याच लाकडाचे कोरलेले असतात, आणि त्या दिवशी ते निर्दोष दिसतात. संक्रांतीपर्यंत मात्र छातीपासून पाठीपर्यंत एक उभी चीर पडते, कारण सबंध बुंध्यात कोरलेल्या बैलाच्या पोटात झाडाचा गाभा तसाच राहिलेला असतो. घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले जे मोठे नंदी आहेत ते जवळून पाहावेत. पुष्कळांच्या बाबतीत खांद्याची फळी वेगळी, पाय वेगळे, आणि गाभा कोठेच नाही असे आढळेल.

सौरभट्टीविषयी मला वारंवार विचारले जाते. काचेच्या किंवा पारदर्शक कापडाच्या खोलीत उन्हाची उष्णता कोंडून लाकूड सुकविण्याची ही युक्ती चांगली आहे, आणि डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेने लाकूड वाळविण्याच्या विषयात केलेले एकंदर काम तर वंदनीय आहे. तिने साल वृक्षाला हट्टी, सागाला मध्यम व सावरीला सोशीक अशा वर्गांत बसविले, तो विवेक प्रत्येकाने शिकावा. परंतु कारध्याला मे महिन्यात आणखी उष्णता कोंडण्याचे प्रयोजन काय? येथे सौरभट्टी उपयोगी पडलीच तर आश्विनात, पावसाने रेंगाळलेली ओल काढण्यासाठी.

एक रूक्ष पण अपरिहार्य बाब. झाड आपल्या सातबाऱ्यावर असले तरी कुऱ्हाड आपल्या मर्जीवर नाही. सागासारखी झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. तोडीची परवानगी, मालावर हातोड्याचा ठप्पा आणि वाहतुकीचा परवाना यांवाचून ओंडका आरामशीनवर नेऊ नये. २०१३ साली घोषित झालेले कोका अभयारण्य येथून फार दूर नाही, आणि रानातल्या चोरट्या मालाची शंका प्रामाणिक माणसालाही भोवते. या कागदांना महिने लागतात. कार्तिकात झाड पाडावयाचे तर अर्ज पावसाळ्यातच द्यावा.

शेवटी, जे या पुस्तकात नाही ते सांगून टाकतो. सर्वच लाकूड वाळवून घडवावयाचे असते असे नाही. कलथे, पळ्या, खराट्याचे दांडे ओल्या लाकडाचेच सुबक निघतात, कारण ओल्यावर वाकस लोण्यासारखा चालतो आणि वस्तू लहान असल्याने तिला तडकण्याइतके अंगच नसते. ढीवरांचा अखंड बुंध्याचा डोंगा तर या सर्व नियमांच्या बाहेरचा आहे. त्याला कोरीत असताना ओलावा हवा, कोरून झाल्यावर ओलावा हवा, आणि उन्हाळ्यात नदी आटली की त्याला चिरेपासून वाचविण्यासाठी पुन्हा पाण्यातच बुडवून ठेवणे शहाणपणाचे. डोंगा करणाऱ्याने हे पुस्तक विकत घेण्याचे कारण नाही.